मागच्या चाकाची बेअरिंगं आणि कमलमावशींचा डबा

पुण्याहून निघताना मी तीन ठिकाणं बघायची ठरवली होती: तुळजापूर, नळदुर्गचा किल्ला आणि माकणीजवळचं तेरणेचं धरण. किल्ला मी रस्त्यावरून पाहिला, धरण आत्याच्या गच्चीवरून पाहिलं, आणि तामलवाडी नावाच्या गावात, जिथे थांबायचं माझ्या डोक्यातही नव्हतं, एका फ्रीजच्या आसपास अर्धा दिवस काढला. त्यामुळे हे वर्णन बरंचसं त्या फ्रीजचं आहे. किल्ल्याबद्दल वाचायला आलेल्यांची आधीच माफी मागते.

प्रवास मोटरसायकलवरून होता आणि मोटरसायकल बाबांची होती. मी शाळेत असताना ते तिच्यावरून ऑफिसला जायचे. मग कार आली आणि गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात गेली. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यावरची धूळ पुसली, व्हिडिओ बघून बघून तिचं पुढचं चाक उघडलं, पुन्हा बसवलं, आणि तेव्हापासून ती मनातल्या मनात माझी झाली. बाबांच्या मनात मात्र ती दूधवाल्याची होती. दूधवाला येऊन तिच्या सीटवर बसूनही गेला होता.

शेवटी बाबांनी अट घातली. "माकणीला आत्याकडे जातेस ना? जा गाडीवरून. वाटेत बंद पडली नाही, तर तुझी. बंद पडली तर मला फोन करायचा, मी टेम्पो पाठवतो, आणि दूधवाल्याला हो म्हणतो."

मी "चालेल" म्हणाले. मी फार बोलत नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं असेल तर मी आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत माणूस बहुतेक वेळा निघून गेलेला असतो. वाटेत कुणाला काही विचारावं लागू नये म्हणून मी सामान मात्र भरपूर घेतलं: ट्यूब, क्लचची केबल, प्लग, आणि मागच्या चाकाची दोन नवी बेअरिंगं. आई म्हणाली, "एवढं लोखंड घेऊन आलेली भाची वन्संनी पाहिली नसेल." (वन्सं म्हणजे आत्या.)

सोलापूर सोडल्यावर

पहिला मुक्काम सोलापुरात, बाबांच्या मित्राकडे झाला. काकूंनी सकाळी कडक भाकरी बांधून दिल्या. कडक भाकरी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. ती मोडली तेव्हा शेजारच्या खोलीतून काकांनी "काय पडलं गं?" असं विचारलं. पण दह्यात बुडवल्यावर ती अशी काही शहाण्यासारखी वागते की मी तीन खाल्ल्या.

तुळजापूरचा रस्ता मोठा, सरळ आणि उघडा आहे. दोन्ही बाजूंना काळी रानं, कुठे ज्वारीची काढलेली ताटं उभी रचून ठेवलेली, मधेच पपईची बाग. मार्चचं ऊन सकाळीच पाठीवर बसलं होतं. आणि मग खालून आवाज यायला लागला.

सुरुवातीला वाटलं, मागून ट्रक येतोय. आरशात बघितलं, ट्रक नव्हता. वेग वाढवला की आवाज वाढायचा, कमी केला की खाली यायचा. एखादी बाई जात्यावर बसून एकाच सुरात गुणगुणतेय असा तो घूंऽऽ होता. वळणावर मागचं चाक किंचित हललं. फार नाही, पंगतीत शेजारच्यानं कोपर लावावं तेवढंच. पण मला कळलं. मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, आणि तसंच दामटलं तर ते चाक मला माकणीला नाही, दुसरीकडेच कुठेतरी नेणार होतं.

तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याचं गॅरेज दिसलं. त्याला चिकटूनच चहाचं हॉटेल. मी गाडी तिथे वळवली, डबल स्टँडला लावली आणि मनात वाक्य जुळवायला घेतलं.

तामलवाडी, सकाळ

हॉटेलातून एक बाई हात पुसत बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्या हेल्मेटकडे, मग आत मी आहे याची खात्री करून घेतली.

"मेस्त्री न्हायती," त्या म्हणाल्या. "दोस्ताच्या लग्नाला गेल्यात. उद्या येतील. च्या घेता का?"

माझं जुळवलेलं वाक्य वाया गेलं. मी म्हणाले, "काकू, इथे दुसरं गॅरेज..."

"काकू काय म्हणता! म्या काय एवढी म्हातारी दिसतीय व्हय? वहिनी म्हणा. शोभावहिनी म्हणत्यात मला समदे. दुसरं गॅरेज तुळजापूरलाच. बसा तर आधी."

हॉटेलाच्या बाकावर एक आजोबा बसले होते. पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि डोळ्यांवर काळा चष्मा. हे शोभावहिनींचे सासरे, अप्पा. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर फक्त एसटी थांबवली होती, बाकी सगळं तसंच चालू होतं.

"मागचं बेरिंग," अप्पा जागेवरूनच म्हणाले. "तू वळलीस तवाच आवाज आला. कुठून आलीस पोरी?"

"पुण्याहून."

"ह्या गाडीवर? एकटी?"

"हो."

अप्पांनी काळा चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली केला. वहिनी चहाचा कप माझ्यासमोर आपटत म्हणाल्या, "अन् आमच्या ह्यास्नी दोस्ताच्या लग्नाला जायला जीप लागती."

आता दोनच रस्ते होते. बाबांना फोन करायचा, म्हणजे टेम्पो आणि दूधवाला. किंवा मी स्वतः चाक उघडायचं. पुढचं उघडलं होतं, मागचं कधीच नाही. शिवाय ते पुण्यात पार्किंगच्या कोपऱ्यात, दार बंद करून, कुणी बघत नसताना उघडलं होतं. इथे रस्ता होता, हॉटेल होतं आणि अप्पा होते.

चहा संपेपर्यंत मी वाक्य तयार केलं. "वहिनी, मेस्त्रींचे पाने मिळाले तर मी बेअरिंग स्वतः बदलू शकते. नवी बेअरिंगं आहेत माझ्याकडे."

वहिनींनी फोन काढला आणि लग्नात असलेल्या नवऱ्याला लावला. पलीकडे बँड इतक्या जोरात चालू होता की आम्हालाही ऐकू येत होता.

"आवं, एक ताई आल्यात! तुमच्या पेटीतले पाने मागत्यात! न्हाय, नेत न्हायती, हितंच! बेरिंग काढणार हायती! व्हय, ताई! बाई! न्हाय, दारू न्हाय पेले, ताईच हायती!"

मग त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. सनईच्या मागून एक आवाज ओरडला, "ताई! आतलं नळकांडं सरकवून मारा! बाहेरच्या कडीवर ठोका! आतल्या कडीवर ठोकलं तर नवं बेरिंगबी जातं! अन् माझी हातोडी..." आणि बँडनं हातोडीचं काय ते गिळून टाकलं.

"हातोडीचं काय म्हणले?" वहिनींनी विचारलं.

"ऐकू नाही आलं."

"जागेवर ठिवा म्हणले असतील. दुसरं काय म्हणत्यात ते."

चाक

ज्यांनी कधी चाक उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रेकची सळई सोडायची, चेन ढिली करायची, नट काढायचा, एक्सल ओढून घ्यायचा, की चाक हातात येतं. चाकाच्या मधोमध हब असतो. त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक बेअरिंग ठोकून बसवलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये एक नळकांडं असतं, दोघांना अंतरावर ठेवणारं. ते नळकांडं जरा बाजूला सरकवून पलीकडून गज घालायचा आणि बेअरिंगच्या कडेकडेनं गोल फिरत ठोकत राहायचं. एकाच जागी ठोकलं तर ते तिरकं होऊन रुसून बसतं.

व्हिडिओत हे सगळं एका गाण्यात होतं. तामलवाडीत नट सुटायलाच अप्पांचा एक पूर्ण घाट उतरून झाला. कुठल्या घाटात, कुठल्या पावसात त्यांच्या एसटीचं चाक कसं सुटलं होतं, प्रवासी कसे उतरले, एका बाईनं उतरताना कोंबडी कशी सोडली, सगळं. तोपर्यंत बाकावर आणखी दोघे चहा प्यायला येऊन बसले. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी अप्पांना विचारलं.

"काय चाललंय?"

"बेरिंग."

"ती काढतीय?"

"काढतीय."

"येतं का तिला?"

"बघू की."

मी मान खाली घालून ठोकत राहिले. लोक बघत असले की माझे कान लाल होतात. हेल्मेट घालून काम करावं असंही मनात आलं. पण जेव्हा पहिलं बेअरिंग हबमधून सुटून फरशीवर ठण्णकन पडलं, तेव्हा बाकावरून एकदम "आऽऽलं!" असा आवाज आला आणि माझ्याही तोंडून तोच शब्द निघाला. दुसरं त्यामानानं लवकर आलं. जुनं बेअरिंग बोटावर फिरवून बघितलं तर आत वाळू भरल्यासारखं खरखरत होतं.

आता नवी बसवायची. ती हबपेक्षा केसभर मोठी असतात, म्हणून अवघड जातात. पण लोखंड थंडीनं आकसतं आणि हब गरम झाला की थोडा पसरतो. मी चाक उन्हात पत्र्यावर ठेवलं आणि पुढचं वाक्य जुळवलं. "वहिनी, ही बेअरिंगं थोडा वेळ तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू का? बर्फाच्या कप्प्यात."

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. "ऊन लागलं का तुमाला?"

मी समजावलं. अप्पा बाकावरून म्हणाले, "बरोबर हाय तिचं. बस की आत बसल्यावर बारीक होतंय." हे मला कळलं नाही, वहिनींनाही नसावं, पण अप्पांचा पाठिंबा मिळाला. वहिनींनी मोरीजवळ धुऊन पालथा घातलेला एक स्टीलचा डबा उचलून दिला. "ह्यात घाला. माझ्या बर्फात ग्रीस नगं." मी पिशवीत गुंडाळून बेअरिंगं डब्यात घातली, झाकण लावलं, आणि डबा बर्फाच्या कप्प्यात सरकवला. डब्यावर नाव कोरलेलं होतं, 'कमल'. आमच्या घरीही आजीच्या भांड्यांवर नावं आहेत, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तिथेच माझं चुकलं.

दुपार

वहिनींनी जेवायला बसवलं. पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा आणि ठेचा. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर मी बराच वेळ छताकडे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "तिखट लागलं व्हय? आज जरा कमीच घातलंय, पावणी हाय म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. मी डोळे पुसत फोन घेतला.

"कुठपर्यंत आलीस?"

"तामलवाडी."

"अजून? रडतेयस का? बंद पडली का गाडी?"

मला खोटं बोलता येत नाही, खरं बोलायला मन धजत नव्हतं, आणि ठेच्यानं तोंडही चालत नव्हतं. बाहेर स्टँडवर माझी गाडी मागचं चाक नसलेली उभी होती. पुण्याहून दूधवाला मला दिसायला लागला.

अप्पांनी हात पुढे केला. "दे हिकडं." त्यांनी फोन घेतला आणि कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलायला लागले. "नमस्कार. म्या एसटीचा ड्रायवर बोलतोय. गाडी बंद पडली न्हाय. उभी केलीय."

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले.

"फरक हाय साहेब. लई फरक हाय. गाडी आपणहून थांबली तर ती बंद पडली. ड्रायवरनं आवाज ऐकून, बाजूला घेऊन, तपासणीला उभी केली तर ती उभी केली. माझ्या उभ्या जन्मात म्या अशी लई वेळा उभी केली. बंद पडली म्हणून एकदाबी लिहून दिलं न्हाय. तुमची पोरगी ड्रायवर हाय. आवाज वळखती. तुमी वळखला असता का?"

उत्तराची वाट न बघता अप्पा पुढे म्हणाले, "मग. जेवा तुमी." आणि फोन मला दिला.

बाबा हळूच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत स्वतःच्या चाकांवर आत्याकडे पोचली, तर उभी केली असं धरू. नाही पोचली तर बंद पडली."

म्हणजे अजून सगळं त्या दोन बेअरिंगांवर होतं. मी हात धुतले, फ्रीजचा बर्फाचा कप्पा उघडला, आणि आत फक्त बर्फ होता.

डबा गेला कुठे

वहिनींनी फ्रीज रिकामा केला. दूध, कोथिंबीर, आदल्या दिवशीचं वरण, सगळं ओट्यावर आलं. डबा नव्हता.

"अप्पा, हितला डबा कुणी काढला का?"

"कमलचा? त्यो दिला की तिला," अप्पा शांतपणे म्हणाले. "तुमी दोगी चाक उन्हात सरकवत होता तवा आली हुती. माझा डबा द्या म्हणली. म्या थंड पाणी घ्यायला गेलो, तिचं नाव दिसलं, दिला."

"आवं, उघडून बगायचं न्हाय का!"

अप्पांना हे लागलं. "एकीनं दुसरीला धाडलेला डबा म्या उघडू? पार्सल कधी उघडलं न्हाय म्या. जड लागला, म्हणलं सुनेनं भरलाय. रिकामा असता तर दिला नसता."

इथे मला एक समजून घ्यावं लागलं. आमच्या सोसायटीत कुणी काही दिलं की आपण डबा धुऊन, पिशवीत घालून, दाराच्या कडीला अडकवतो आणि फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवतो. डबा रिकामा असतो, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे डबा रिकामा परत जात नाही. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, लिंबू, काहीतरी आत हवं. शेजारच्या कमलमावशींनी दोन दिवसांपूर्वी ह्या डब्यातून धपाटे पाठवले होते. शोभावहिनींनी डबा धुऊन ठेवला होता आणि आत काय घालावं ह्याचा विचार त्या करत होत्या. तो विचार पूर्ण व्हायच्या आत मी तो डबा भरला होता.

"म्हंजी," वहिनी खाली बसत म्हणाल्या, "धपाट्याच्या बदल्यात म्या तिला बेरिंग धाडलं."

"मी जाऊन मागून आणते," मी म्हणाले. हे वाक्य न जुळवताच निघालं.

"मागून? दिलेलं मागून आणता व्हय?" वहिनी उठल्या. "थांबा. म्या येते. ती काय सोपी न्हाय."

कमलमावशींकडे

कमलमावशी दोन घरं सोडून राहतात आणि गावातले ब्लाउज शिवतात. आम्ही गेलो तेव्हा त्या जमिनीवर कापड पसरून बसल्या होत्या. वर पंखा गरगरत होता, पण कापड जागचं हलत नव्हतं, कारण त्याच्या दोन कोपऱ्यांवर माझी दोन नवी बेअरिंगं ठेवलेली होती. हिरव्या काठाच्या कापडावर ती खरोखरच दागिन्यासारखी चमकत होती.

"ये शोभे!" मावशी आनंदानं म्हणाल्या. "लई झ्याक काम केलंस बग. परवा म्हणले न्हाय का तुला, कापड उडतंय, तुज्या नवऱ्याच्या दुकानातलं काय तरी वजन दे म्हणून? ध्यानात ठिवलंस की! डबा गार लागला तवा वाटलं कुल्फी धाडली. पर हे कुल्फीपेक्षा बरं. कुल्फी काय, खाल्ली की गेली."

मला ऊन लागलं का असं थेट विचारणाऱ्या वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. "आता तुमीच सांगा," त्या माझ्या कानात म्हणाल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"मावशी," मी म्हणाले, "ती बेअरिंगं माझी आहेत."

मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "ही कोण?"

"पुण्याची हाय. गाडीवर आलीय. एकटीच," वहिनी मागून म्हणाल्या.

"मग घरात घेतल्यावर पाणी तरी पाजलं का तिला? बस ग. तुजी कशी काय ती? माज्या डब्यात आली, त्या डब्यावर माजं नाव हाय."

मी बसले. आणि मग मी अनोळखी माणसापुढे आयुष्यात पहिल्यांदा न थांबता बोलले. बाबांची अट सांगितली, दूधवाला सांगितला, तो सीटवर बसून कसा उड्या मारून बघत होता तेही सांगितलं, घूंऽऽ आवाज करून दाखवला, आणि शेवटी म्हणाले की ही दोन बेअरिंगं संध्याकाळच्या आत चाकात गेली नाहीत तर माझी गाडी गेली.

मावशींनी सुई कापडात खोचली. "दूधवाला सीटवर उड्या मारला?"

"हो."

"मेल्याची हिंमत बग." त्यांनी एक बेअरिंग उचललं, पदरानं पुसलं, माझ्या हातात दिलं. दुसरं उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "पर डब्यातनं आलेली वस्तू म्या अशीच कशी माघारी देऊ? शोभेचे हात रिकामे व्हतील अन् माजेबी. बदल्यात काय तरी ठिव."

"जुनी दोन आहेत ना," मी म्हणाले. "तेवढीच जड. धुऊन, पुसून देते."

"नवं दिलं अन् जुनं देती व्हय?" मावशी वहिनींकडे बघून म्हणाल्या. "पुण्याची खरी."

वहिनींना आता आवाज फुटला. "तुज्या कापडाला काय फिरायचंय व्हय ग? वजन ते वजन!"

बोलणी बराच वेळ चालली. शेवटी ठरलं ते असं: जुनी बेअरिंगं रॉकेलनं आणि साबणानं धुऊन मावशींना. त्यांचा मान म्हणून शोभावहिनींकडून एक वाटी गूळ. आणि मी बेअरिंगं नेतेय, तर माझा हात रिकामा जात नाही हे खरं, पण ती माझीच आहेत, म्हणजे मावशींनी मला काहीच दिलेलं नाही. म्हणून मावशींनी तोच डबा शेंगाचटणीनं गच्च भरला आणि माझ्यापुढे ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. दुसरं बेअरिंग अजून त्यांच्या मुठीत होतं.

चाक, पुन्हा

ह्या वेळी बेअरिंगं वहिनींच्या स्वतःच्या पातेल्यात गेली, आणि कमलमावशी फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसल्या. बाकावरच्या दोघांपैकी एकानं पाण्यासाठी दार उघडायचा प्रयत्न केला, तर त्याला हात धुऊन यायला लावलं.

मग चाक आणलं. उन्हात ते इतकं तापलं होतं की वहिनींनी ते गरम तव्यासारखं पदरानं धरून दिलं. मी थंडगार बेअरिंग हबच्या तोंडावर ठेवलं, त्याच्या बाहेरच्या कडीएवढी पान्याची गोटी, म्हणजे सॉकेट, वर धरली, आणि मेस्त्रींच्या हातोडीनं हळूहळू ठोकलं. ते सरळ आत गेलं. तळाला टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो बदलला तेव्हा अप्पांनी मान हलवली. मी चाक उलटं केलं, दुसरं बेअरिंग ठेवलं, हातोडी उचलली.

"ह्ये आत घालायचं न्हाय का?" अप्पांनी विचारलं.

त्यांच्या हातात ते मधलं नळकांडं होतं. मघापासून ते त्यातून दुर्बिणीसारखं रस्त्यावरच्या एसट्या बघत होते.

मी हातोडी खाली ठेवली. ते विसरून ठोकलं असतं तर सगळं पुन्हा काढावं लागलं असतं आणि तेवढा दिवस उरला नव्हता. मी नळकांडं घेतलं, ग्रीस लावून आत बसवलं. कमलमावशी म्हणाल्या, "अप्पा, तुमी वस्तू लपवून ठिवता अन् मग शाणपणा करता."

चाक बसलं, चेन लागली, ब्रेक जोडला. मी मागचं चाक हातानं जोरात फिरवलं. सगळे वाकून ऐकत होते. ऐकायला काहीच नव्हतं. चाक बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं, आणि थांबायच्या आत अप्पा म्हणाले, "निघ आता. डबल वाजव जाताना." एसटी सोडताना कंडक्टर वाजवतो ती डबल घंटी त्यांना म्हणायची होती बहुतेक. मी हॉर्न दोनदा वाजवला.

निघताना वहिनींनी पिशवीत खण आणि नारळ दिला. तुळजापूर इथून एवढं जवळ, तरी वहिनी वर्षभर गेल्या नव्हत्या. "लांबची लोकं चालत येत्यात. आमी जवळची. आज जाऊ, उद्या जाऊ. आमची ओटी तुमीच भरा."

तुळजापूर, आणि पुढे

देवळाच्या पायऱ्या उतरताना बांगड्यांची, कुंकवाची, कवड्यांच्या माळांची दुकानं लागतात. प्रत्येक जण बोलावतो. एरवी मी अशा गल्लीतून मान खाली घालून जाते. त्या दिवशी माझ्या नखांत ग्रीस होतं आणि मला कुणी बांगड्या दाखवल्या नाहीत. शोभावहिनींची ओटी आधी भरली, मग मला काय मागायचं होतं ते आठवेना, म्हणून बेअरिंगाचंच बोलले.

पुढे नळदुर्गचा किल्ला उजेड पिवळा व्हायच्या वेळी रस्त्यावरून दिसला. मोठा आहे. एवढंच सांगू शकते, कारण मी थांबले नाही. गाडीचा आवाज फक्त इंजिनाचा येत होता आणि तो ऐकत राहावंसं वाटत होतं.

माकणीला पोचले तेव्हा आत्या दारातच उभी होती. पलीकडे धरणाच्या पाण्यावर अजून थोडं ऊन होतं. आत्यानं मला जवळ घ्यायच्या आधी फोन कानाला लावला. "दादा, आली. व्हय. चाकांवरच आली. दोन्ही हायती."

मग तिनं माझ्या पिशवीतून डबा काढला, उघडला, चटणी बोटावर घेऊन चाखली, आणि पुन्हा चाखली. डब्यावरचं नाव वाचलं. "कमल कोण?"

मी सगळं सांगितलं. आत्या शेवटपर्यंत हसली नाही. शेवटी म्हणाली, "जाताना थांबशील ना? मग रिकामा कसा न्यायचा?" आणि दुसऱ्या दिवशी तिनं चटणी बरणीत काढून डब्यात करंज्या भरल्या. परतताना मी तामलवाडीला करंज्या दिल्या. कमलमावशींनी त्या ताटात काढून घेतल्या आणि तिथल्या तिथे डबा पुन्हा चटणीनं भरला. ब्लाउजच्या कापडावर माझी जुनी बेअरिंगं बसलेली होती. एक उचलून मावशींनी कानाजवळ हलवलं. "ह्ये खुळखुळतंय. चांगलंय, पर तुज्या त्या नव्याची चमक न्हाय."

पुणे

डबा आता आमच्या ओट्यावर आहे. चटणी बाबांनी संपवत आणली आहे. गेल्या आठवड्यात दूधवाला आला तेव्हा मी आतल्या खोलीत होते. बाबा दारात त्याला सांगताना ऐकलं, "नाही, गाडी नाही विकत. तामलवाडीला डबा पोचवायचाय." दूधवाल्यानं विचारलं, "मग पोचवल्यावर?" बाबा म्हणाले, "पोचवल्यावर तो भरून येतो."

आई रोज विचारते की डब्यात काय घालायचं. मी काल पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. काउंटरला गर्दी होती, सगळे पुरुष. मी पुढे झाले आणि म्हणाले, "दोन बेअरिंगं द्या. चकचकीत."

"कुठल्या गाडीला?" दुकानदारानं विचारलं.

"गाडीला नाही," मी म्हणाले. "ब्लाउजपीसला."